इंजिन काढून वाचवलेली गाडी

१९ मे २०१८च्या संध्याकाळी ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि त्याची नवी नवरी विंडसर किल्ल्यातून मेजवानीला निघाली, ती उघड्या टपाच्या निळसर जॅग्वार ई-टाइपमधून. मूळ गाडी १९६८ची, नंबरप्लेटवर लग्नाची तारीख. सगळ्या जगाने ते चित्र पाहिलं आणि 'वा' म्हटलं. मी मात्र टीव्हीचा आवाज वाढवत बसलो होतो. गर्दीचा गलका ऐकू आला, पण गाडीचा आवाज काही येईना. येणार कुठून? बॉनेटखाली इंजिनच नव्हतं.

जॅग्वारच्याच जुन्या गाड्यांच्या विभागाने २०१७मध्ये ही 'ई-टाइप झीरो' तयार केली. सहा सिलिंडरचं इंजिन उचलून बाहेर काढलं, त्याच जागेत त्याच मापाची ४० किलोवॉट-तासांची बॅटरी बसवली आणि तिच्या मागे मोटर. वजन मूळ गाडीपेक्षा ४६ किलोंनी कमी. एका चार्जमध्ये साधारण २७० किलोमीटर. ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेपाच सेकंदांत, म्हणजे मूळ गाडीच्या आधीच. २०१८मध्ये कंपनीने अशा गाड्या करून द्यायचं जाहीर केलं आणि २०१९च्या अखेरीस तो बेत गुपचूप गुंडाळला. जॅग्वार २००८पासून टाटांची आहे, त्यामुळे हा वाद तसा घरातलाच म्हणायचा.

बेत गुंडाळला तरी कल्पना काही गुंडाळली गेली नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या पोर्शे, जुन्या मर्सिडीज विजेवर करून देणारी दुकानं चालू आहेत. 'भविष्यासाठी जतन' अशी त्यांची भाषा असते. मला ती पटत नाही. आणि हे मी पेट्रोलच्या धुराचा भक्त म्हणून म्हणत नाही. माझ्या घरात विजेवरचीच गाडी आहे. ऑफिस, भाजी, सासुरवाडी सगळं तिच्यावर चालतं आणि परत पेट्रोलवर जायचं मी नाव काढणार नाही. रोज धावणारी प्रत्येक गाडी, रिक्षा, बस जितकी लवकर विजेवर जाईल तितकं बरं. पण म्हणून दरवर्षी हजार किलोमीटरसुद्धा न धावणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन काढणं म्हणजे तिला वाचवणं, हे मला मान्य नाही. तिचा जीव घेणारी कारणं वेगळीच आहेत, आणि विजेच्या नावाने चाललेल्या आरडाओरड्यात ती दिसेनाशी होतात.

आधी इंजिनाबद्दल बोलू. ई-टाइपमधलं एक्सके इंजिन दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात जन्मलं. बॉम्बमुळे लागणाऱ्या आगींवर नजर ठेवायला रात्रपाळी करताना जॅग्वारचा संस्थापक विल्यम लायन्स आणि त्याच्या इंजिनिअरांनी त्याचे आराखडे चर्चिले. १९४८मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि या ना त्या गाडीत १९९२पर्यंत बनत राहिलं. माल्कम सेयर या विमानांच्या कारखान्यातून आलेल्या माणसाने १९६१च्या ई-टाइपचा आकार आखला, तो याच इंजिनाभोवती. ते बॉनेट एवढं लांब का, तर आत सहा सिलिंडर एकापाठोपाठ एक उभे आहेत. त्यावरचा तो फुगवटा का, तर इंजिन उंच आहे. इंजिन काढलंत की बॉनेट उरतं, त्याचं कारण उरत नाही. वाड्याच्या दर्शनी भिंती तशाच ठेवून आत बारा मजले चढवतात ना, तसलं हे जतन.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. नाना पेठेत एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. डेक्कनवर राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची १९४८ची एमजी टीसी त्यांच्याकडे येते. ही छोटी दोन जणांची उघडी गाडी, १२५० सीसीची, अंगाचा सांगाडा चक्क लाकडाचा. तिला हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत आणि दोन्ही सारखीच हवा ओढतायत ना, हे जुळवावं लागतं. त्यासाठी चाचांकडे असलेलं उपकरण म्हणजे हातभर लांबीची रबरी नळी. नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. इकडचा 'स्स' ऐकायचा, मग तिकडचा, मग स्क्रू केसभर फिरवायचा. "साहेब, दोन्हीकडून सारखंच आलं पाहिजे. एक जाड, एक बारीक, म्हणजे गाडी लंगडी." मलाही त्यांनी नळी दिली. मला दोन्ही आवाज एकच वाटले. चाचा हसले, उजवीकडचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि आयडलिंगमधली ती बारीक अडखळ, जी आतापर्यंत माझ्या लक्षातच आली नव्हती, थांबली.

चाचांच्या हाताखाली सध्या एकच पोरगा आहे. तो दिवसभर इलेक्ट्रिक स्कूटरचे कंट्रोलर आणि वायरिंग बघतो, कारण रोजचा पैसा तिथे आहे. त्याने नळी कानाला लावायला शिकावं, असं चाचांनाही वाटत नाही. महिन्याला एखादी गाडी येते, त्यावर घर कसं चालणार? जुनी गाडी मरते ती इथे. लोखंडाला काही होत नाही. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर करून घेता येतो. ज्याच्या कानाला फरक कळतो तो माणूस कुठल्या लेथवर करायचा?

"हे सगळं ठीक, पण धुराचं काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हिशेबानेच द्यायला हवं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ई-टाइप लिटरला सहा-सात किलोमीटर देते असं धरा. वर्षाला हजार किलोमीटर चालवली तर दीडशे लिटर, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास. रोजच्या वापरातली साधी पेट्रोल हॅचबॅक लिटरला १५ देऊन वर्षाला १२ हजार किलोमीटर धावली, तर तीच बेरीज १८०० किलोंच्या वर जाते. आता ती ४० किलोवॉट-तासांची बॅटरी घ्या. ती बनवतानाच अडीच-तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. शिवाय आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, तेव्हा चार्जिंगचाही वाटा मोजा. वर्षाला फार तर अडीचशे किलोंची बचत झाली तर बॅटरीचं कर्ज फिटायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि तोवर बॅटरी स्वतःच म्हातारी झालेली असते. तीच बॅटरी रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीत बसवा, दोन-तीन वर्षांत कर्ज फिटेल. बॅटरी ही महागडी, खनिजं ओरबाडून केलेली वस्तू आहे. रविवारी सकाळी दोन तास बाहेर पडणाऱ्या गाडीत ती घालणं हा पर्यावरणाच्या नावाखालचा शौकच.

या हिशेबात एक भोक आहे, ते मीच दाखवतो. कार्बन डायऑक्साइड बाजूला ठेवला तरी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन उरतंच, आणि धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली एक जुनी गाडी त्या बाबतीत आजच्या कित्येक गाड्यांना भारी पडते. रॅलीत एमजीच्या मागे स्कूटरवर अडकलात तर डोळ्यांत पाणी येतं, ते कौतुकाचं नसतं. म्हणून या गाड्या मोजूनमापून चालाव्यात, भर गर्दीत आणू नयेत, याला माझी पूर्ण संमती आहे. आणि नेमका हाच मुद्दा आपल्या कायद्यांनी हुकवलाय. ते गाडीचं वय मोजतात, ती धावते किती हे मोजतच नाहीत.

मुंबईची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. शेवटची २००३मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती संपली. हळहळ वाटली, पण नियम योग्यच होता. टॅक्सी दिवसभर गर्दीत धूर ओकत फिरते, तिला निवृत्तीचं वय हवंच. पण ज्याने तीच पद्मिनी घरी झाकून ठेवलीय आणि दसऱ्याला हार घालून कॉलनीला एक चक्कर मारून आणतो, त्याला तोच न्याय कसा लावायचा?

केंद्राने जुलै २०२१मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला, आणि तो करायला हवाच होता. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी ही विंटेज. नवी नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. इथवर छान. पण ५० वर्षं? युरोपीय संघाच्या २०१४च्या निर्देशात ऐतिहासिक वाहनाचं वय ३० आहे. जर्मनीत तिशीनंतर नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रोड टॅक्स माफ होतो आणि लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्रात रोजचे साडेबारा पौंडही भरावे लागत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये बाहेर पडलेली पहिली मारुती ८०० विंटेज व्हायला २०३३ उजाडेल. तोवर ती फक्त जुनी. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण १० हजारांचं झालं, आणि परदेशातून आणलेल्या मोटारीचं ८० हजारांचं. म्हणजे ४९व्या वर्षी गाडी हा सरकारच्या लेखी धूर ओकणारा गुन्हेगार आणि ५०व्या वर्षी राष्ट्रीय ठेवा. मधली तीस वर्षं तिने काढायची कशी? ठेवा आकाशातून पडत नाही, त्याला आधी नुसतं जुनं व्हावं लागतं. आणि भंगाराच्या बाजारात याच वयाच्या गाड्या जातात.

या नियमात एक गंमत आहे, ती विजेवर करून घेणाऱ्यांनी वाचावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झाला असेल तर ती गाडी विंटेज धरली जात नाही. म्हणजे राजपुत्राची ती ई-टाइप आपल्याकडे विंटेज ठरणारच नाही. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची शिखर संघटना 'फिवा'नेही २०१९मध्ये जवळपास हेच म्हटलं: विजेवर केलेली गाडी ही ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, आणि करायचीच असेल तर पुन्हा मूळपदावर आणता येईल अशी करा, काढलेले भाग खुणा करून जपून ठेवा. अ‍ॅस्टन मार्टिनने २०१८च्या अखेरीस १९७०च्या एका डीबी६मध्ये हाच मार्ग दाखवला. मूळ इंजिनाच्याच बोल्टांवर बसणारी विजेची पेटी, हवी तेव्हा काढता येणारी. ही तडजोड मला प्रामाणिक वाटते. पुण्यात वेताळ टेकडीवर बसलेली एआरएआय ही संस्था गाडी विजेवर करण्याच्या किटची तपासणी करतेच, तेव्हा 'मूळ इंजिन गाडीसोबत राहील' ही एक अट आपल्याकडेही घालायला काय हरकत आहे?

पण खरं सांगू का, भारतात जुन्या गाडीवर वीज पडणार नाहीये, पडणार आहे तो इथेनॉलचा घाव. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५पर्यंत ते देशभर झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज धरतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील मऊ पडतात. त्यात इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून जास्त इंधन सोडतो, १९४८च्या कार्ब्युरेटरला ते कोण सांगणार? इंजिन तापतं. आमच्या राज्यात इथेनॉलविरुद्ध बोलणं म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर उभं राहून गुळाची तारीफ करणं, तरीही बोलतो: मिसळा, पण शहरात एका पंपावर तरी बिनमिसळीचं पेट्रोल वाजवी भावात ठेवा. ब्रिटनने २०२१मध्ये १० टक्क्यांचं पेट्रोल सर्रास केलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांपर्यंतचं शिल्लक ठेवलं. आपल्याकडे जुने गाडीवाले मोजक्या पंपांवर मिळणाऱ्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर भिस्त ठेवून आहेत, दीडशे रुपयांच्या वर लिटर मोजून.

२०००च्या सुमारास पेट्रोलमधून शिसं काढलं तेव्हाही जुन्या गाड्या संपल्या असं म्हणत होते. व्हॉल्व्हच्या सीट बदलून घेतल्या, काम भागलं. कारण बदलून देणारे हात तेव्हा गल्लोगल्ली होते.

"श्रीमंतांची खेळणी आहेत, कशाला जीव पाखडता?" असंही कुणी विचारेल. खरे श्रीमंत निर्धास्त आहेत. २०२२मध्ये १९५५ची एक मर्सिडीज १३.५ कोटी युरोंना विकली गेली. तिच्यासाठी कार्ब्युरेटर ऐकणारा नव्हे, अख्खा कारखाना ठेवता येईल. काळजी आहे ती आपल्याकडच्या साध्या गाड्यांची: डुक्कर फियाटची, हेराल्डची, फायबरग्लासच्या सॅन स्टॉर्मची. शेतात ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार टिकला तो शर्यतीच्या आशेवर, असं बैलगाडावाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत सांगत गेले. त्या युक्तिवादावर वाद घालता येईल, पण त्यातलं एक तत्त्व गाडीलाही लागू आहे. नुसती उभी ठेवलेली वस्तू टिकत नाही. ब्रेकचे सिलिंडर धरतात, टायर एका बाजूने बसतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट होतं. चालवली तरच ती गाडी राहते, आणि चालवली तरच चाचांना काम मिळतं.

विजेवरच्या गाड्या स्वतः कधी 'क्लासिक' होतील का, हा मला याहून रंजक प्रश्न वाटतो. वेगाचं वावडं विजेला कधीच नव्हतं. ताशी १०० किलोमीटरची रेघ पहिल्यांदा ओलांडली ती १८९९मध्ये कामीय जेनात्झीच्या विजेवरच्याच गाडीने. सव्वाशे वर्षांनी आता उलटा खेळ चालू आहे. ह्युंदाईची आयोनिक ५ एन नसलेल्या गिअरचे धक्के देते आणि स्पीकरमधून इंजिन वाजवते. क्रोएशियाच्या माटे रिमाट्सने आपल्या जुन्या बीएमडब्ल्यूचं इंजिन फुटल्यावर ती विजेवर केली आणि त्यातून पुढे त्या वेळची जगातली सर्वांत झपाट्याची विजेची गाडी उभी केली. २०२४मध्ये त्यानेच कबूल केलं की करोडपतींना अशा गाड्या फारशा नको आहेत, आणि त्याच वर्षी त्याच्या हाताखालच्या बुगाटीने १६ सिलिंडरचं इंजिन असलेली गाडी आणली. मला यात विजेचा पराभव दिसत नाही. रोजच्या वापराची लढाई ती जिंकतेय, हौसेची लढाई तिची नव्हतीच.

पण २००८ची पहिली टेस्ला रोडस्टर बघा. लोटस या ब्रिटिश कंपनीच्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची सुरेख छोटी गाडी, अडीच हजारसुद्धा बनल्या नाहीत, बॅटरीत ६८३१ सेल. आजच ती संग्राहकांची गाडी झालीय. २०६०मध्ये ती चालेल का? बॅटरी कुणीतरी नवी बांधून देईल. पण ती बॅटरी आणि मोटर यांच्यात संवाद घडवणारा बोर्ड जळला, त्यावरची चिप बनणं बंद झालं, सॉफ्टवेअरचं कुलूप कंपनीकडे राहिलं, की लेथवाला काय करणार? १९४८च्या एमजीला किल्ली कुणाकडून मागावी लागत नाही. जुन्या गाड्यांच्या प्रेमिकांनी खरं तर आत्ताच्या विजेच्या गाड्यांसाठी भांडायला हवं: ठरावीक वर्षांनंतर कंपनीने दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअरच्या किल्ल्या खुल्या कराव्यात म्हणून. चाचांचा तो पोरगा आज कंट्रोलर उघडून बघतोय ना, उद्याचा नळीवाला तोच असणार. त्याला उघडू तर द्या.

बाकी सरकारकडे माझं मागणं छोटं आहे. वयाची अट तिशीवर आणा, वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मीटर तपासा, मोडली तर दंड करा. मग ती कुठे जाते ते विचारू नका. सध्याच्या नियमाने विंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

डेक्कनवरचे ते गृहस्थ नियमाचे पक्के आहेत. दर रविवारी सकाळी सहाला ते एमजी बाहेर काढतात, शेजारी काकू डोक्याला रुमाल बांधून बसतात. मागच्या महिन्यात मी फाटकाशी भेटलो आणि विचारलं, "काका, आज कुठे?"

"पेट्रोल भरायला," काका म्हणाले.

पंप त्यांच्या घरासमोरच आहे. ते लोणावळ्याला भरतात.